जांबोटी भागात टायरांची भिंत टिकेल का?

जांबोटीकर: वीज-नळ जोडणीशिवाय 500 चौरस फुटांचं घर बांधायचंय. जुन्या टायरांत माती ठोकून भिंती, वर जुनी मंगळुरी कौलं. आमच्याकडचा (खानापूर तालुका, बेळगाव) जोरदार पाऊस सोसेल? टाकी केवढी?

निपाणीकर: टायर सोसेल, माती नाही. दगडी जोतं दोन फूट उचला, वळचण तीन फूट बाहेर काढा. तळाला पुठ्ठा घालून टायर जागेवरच भरा. कारच्या टायरात सव्वाशे-दीडशे किलो माती जाते, मग तो हलत नाही. माती ओलसर हवी: मुठीत गोळा व्हावा, तळवा ओला होऊ नये. घणानं आधी कडेची पोकळी ठासा. पोकळ राहिला की थर बसतो, गिलावा तडकतो. सांधे वीटकामासारखे मोडा, म्हणजे वरचा टायर खालच्या दोन टायरांच्या सांध्यावर ठेवा. दिवसाला दोघांनी तीस टायर केले म्हणणारा ठोकत नाही, नुसता भरतोय.

जांबोटीकर: दादा, तांबडी माती चालेल?

निपाणीकर: चालेल. चिकट असेल तर मुरूम मिसळा, नाहीतर वाळल्यावर आकसते.

टिळकवाडीकर: 1 चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर. 50 चौरस मीटर छपरावर 1000 मिमी पडला, 20 टक्के वाया गेला, तरी 40,000 लिटर. चौघांना माणशी 40 लिटर धरून नोव्हेंबर ते मे 210 दिवसांना 33,600 लागतात. टाकी 35,000 ची करा. पहिले 100 लिटर बाहेर सोडा, कौलावरचं शेवाळ त्यातच येतं. सोलरचा हिशेब मात्र जुलैवर करा, एप्रिलवर नको. 12 व्होल्ट 150 अँपिअर-तास लेड बॅटरीतून निम्मीच, म्हणजे 900 वॅट-तास वापरा. त्यात मिक्सर चालेल, गिझर विसरा.