अनुभव धागा: पेठेतले सुभेदार नाना

आपल्या पेठेतले सुभेदार नाना गेले. तेराव्याला मंडपात जो तो एकेक किस्सा सांगत होता आणि घरी पोचेपर्यंत निम्मे विसरतही होता. म्हणून हा धागा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मग कोरेगावच्या बाजूला सिमेंट-हार्डवेअरचं दुकान टाकलं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढचं लिहा. घरच्यांच्या इच्छेनुसार पूर्ण नाव आणि फोटो नको. आणि नुसतं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून पळू नका, नानांना ते चाललं नसतं.

गवंडी (मुलाने लिहून घेतलं)

सिमेंट तवा परमिटवर हुतं. तहसील कचेरीतनं कागद आणायचा, त्येच्यावर किती पोती ते लिवल्यालं, मग दुकानात नंबर लावायचा. काळ्या बाजारात मागंल ती किंमत. पुण्यातनं एक बिल्डर ट्रक घिऊन आला, गल्ल्यावर रोख ठिवली. नानांनी नोटांना हात न्हाय लावला. म्हणले, “यादीत तुमचं नाव कुठाय?” त्या यादीत वरनं तिसरं नाव माज्या आईचं हुतं. संडास बांधायला चार पोती. 1982 साली सरकारनं बंधनं सैल केली, तवर हे असंच चाललं.

एका ठेकेदाराचा मुलगा

मी कौतुक करायला आलेलो नाही. बिल थकलं की नाना चिठ्ठीत एक खिळा गुंडाळून पाठवायचे. दोन इंची. वरती रक्कम, खाली सही, बाकी अक्षर नाही. माझ्या बहिणीच्या बैठकीत, व्याह्यांच्या देखत, दुकानातल्या पोऱ्याने ती पुडी वडिलांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी पैसे चुकते झाले, पण दोन घरांतलं बोलणं कायमचं तुटलं. शिस्त वगैरे ठीक आहे, माणसाला वेळकाळ नको?

निवृत्त हवालदार, अपशिंगे मिलिटरी

त्या खिळ्याचं सांगतो. मी दुसऱ्या पलटणीतला, पण बेळगावला सेंटरवर ही गोष्ट रंगरुटालाही पाठ असायची. डिसेंबर 1971. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला, पाकिस्तानी फौजेची 31 बलुच रेजिमेंट अडकली होती. शरण या, अशी चिठ्ठी आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी मुक्तिबाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशसाठी लढणाऱ्यांच्या, माणसाबरोबर आत पाठवली. बलुचांच्या कर्नल सुलतान अहमदने नकाराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी घालून परत पाठवली. मग 10 तारखेच्या रात्री ते टांगाईलच्या रस्त्याने निसटायला निघाले, तर शहराच्या दक्षिणेला जंगी पलटण खंदक खणून वाटच बघत होती. उजाडेपर्यंत त्यांची दोनशेहून जास्त माणसं पडली. पलटणीला जमालपूरचा युद्धसन्मान मिळाला. नाना त्या खंदकात होते. खिळ्याची कल्पना कुठून आली, ते आता तुम्हीच बघा.

ठेकेदाराचा मुलगा

हे आज कळलं. तरी व्याह्यांसमोर द्यायला नको होती.

सैनिकाची पत्नी, रहिमतपूरकडची

आमचे हे गेल्यावर कुटुंब पेन्शन अडकलं. पलटणीच्या कागदात माझं माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. बँकेतला साहेब म्हणे बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला लिहा. लिहायचं काय, ते मला कुठलं येतंय? मी दुकानात सिमेंटच्या पोत्यावर बसून रडायला लागले. नाना चष्मा लावत म्हणाले, “रडायचं मागनं. आधी पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर सांग.” अर्ज त्यांनी लिहिला, प्रतिज्ञापत्राला स्वतः कचेरीत आले, साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही घेऊन गेले. एसटीचं तिकीट मात्र माझं मलाच काढायला लावलं. पेन्शन सुरू झालं त्या दिवशी पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला विसरू नकोस. दर वर्षी आठवण करायचे, मलाच नाही, पंचक्रोशीतल्या सगळ्या बायकांना.

नातेवाईक

ते घरीही असेच होते. जेवायला पाच मिनिटं उशीर झाला की ताट झाकून ठेवलेलं मिळायचं, गरम कोणी करून द्यायचं नाही. आजीने कसं काढलं, हा वेगळा धागा होईल.

दुकानातला जुना पोऱ्या

ती पुडी देणारा मीच. मला काय माहीत आत बैठक चालली आहे!

खिळे तोलायचे तर पुड्याचा कागद एका पारड्यात, तेवढाच दुसरा कागद वजनाच्या पारड्यात. “कागदाचे पैसे गिऱ्हाईक का देईल?” पावशेर खिळ्यांना हा उद्योग. मागे रांग लागायची, लोक कावायचे, नाना ढिम्म. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला तरी आधी कागद ठेवून शून्य करायला लावायचे.

दर वर्षी 11 डिसेंबरला दुकान बंद. पेठेत सगळ्यांना वाटायचं, कोयनेच्या भूकंपासाठी, कारण तो 1967 साली त्याच तारखेच्या पहाटे झाला. मी एकदा विचारलं, भूकंपात आपलं कोण गेलं होतं का? “भूकंपात नाही,” म्हणाले आणि मला पत्र्यांचा स्टॉक मोजायला पाठवलं. वरचं हवालदारसाहेबांचं वाचलं तेव्हा तारीख जुळली.

आता दुकान मुलगा बघतो. उधारीची शेवटची वही मी स्वतः पाहिली आहे. बरीच नावं अजून उभी आहेत, त्यातले तिघे-चौघे हा धागा वाचतायत. मुलगा मागणार नाही, त्याचा स्वभाव नाही. पण खिळ्यांचं खोकं अजून गल्ल्याजवळच आहे आणि घरं मला माहीत आहेत.