वापरलेला चेंडू आणि पुन्हा रंगवलेला चेंडू

वापरलेले आणि नूतनीकृत (म्हणजे पुन्हा रंगवलेले) गोल्फ चेंडू एकच, हे म्हणणे मला पटत नाही. वापरलेला चेंडू केवळ धुऊन, प्रतवारी लावून विकतात. नूतनीकृत चेंडूचा मात्र मूळ रंग काढून त्यावर नवा रंग, लकाकी आणि पुन्हा कंपनीचे नाव चढवतात, त्यामुळे पृष्ठभागावरील खळग्यांची खोली बदलून त्याचे उड्डाण बेभरवशाचे होऊ शकते आणि मैदानावरील तळ्यात दीर्घकाळ पडून वेग मंदावलेला चेंडूही नव्यासारखा दिसतो. चेंबूर किंवा खारघरच्या मैदानावर नव्याने खेळू लागलेल्यांनी ओरखडे उघड दिसणारा वापरलेला चेंडूच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय गोल्फच्या नियामक संस्थांच्या मान्यताप्राप्त यादीतील चेंडूच हवा, अशी अट असलेल्या स्पर्धेत नूतनीकृत चेंडू, त्याचे मूळ मॉडेल यादीत असले तरी, चालत नाही.