मालवणचा खडकाळ किनारा: तुमचे अनुभव लिहा

मालवण म्हटलं की गप्पा सुरमई आणि सोलकढीवर जातात. हा धागा मात्र तिथल्या खडकांसाठी, खाडीसाठी, पाण्याखालच्या जगासाठी. कुठे गेलात, समुद्र कसा होता, सोबत कोण होतं, ते मोकळेपणाने लिहा. हॉटेलांची चर्चा इथे नको.

सुरुवात मी करते.

पुणे (धागाकर्ती)
आम्ही रॉक गार्डनला मुद्दाम सकाळच्या ओहोटीला गेलो. बाग आणि तिथला सूर्यास्त बहुतेक जण पाहतात, पण खरी गंमत बागेखालच्या काळ्या खडकांवर आहे. पाणी ओसरलं की खळग्यांमध्ये समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे समुद्री जीव) उमललेली दिसतात. रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे इकडून तिकडे चालत असतात. माझी लेक एकाच खळग्यापाशी इतका वेळ उकिडवी बसली की शेवटी मीही शेजारी बसले. स्थिर बसलं की आधी न दिसलेले जीव हलायला लागतात. ग्रिप असलेले बूट घाला. आणि काहीही उचलून आणू नका, मेलेलं प्रवाळसुद्धा नको. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

इंदूर
मला पोहता येत नाही आणि वय पन्नाशीच्या पुढे. तरी स्कूबा केलं! होडी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ थांबते. आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घेतात आणि खुणा शिकवतात. अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, 'मला वर न्या'. छान असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल. हे डोक्यात पक्कं बसवा, एरवीच्या सवयीने हात आपोआप अंगठा दाखवतो.

खाली जाताना कान दुखायला लागतात. नाक दाबून हळूच हवा कानांकडे ढकलायची, पुन्हा थोडं खाली, पुन्हा तेच. माझा प्रशिक्षक तरुण होता, इथलाच. त्याने एकदाही घाई केली नाही. दर थोड्या वेळाने माझ्या डोळ्यांत बघून गोल खूण करायचा आणि मी उत्तर दिल्यावरच पुढे. मग खडकांवरची प्रवाळं दिसली, त्यांच्या आजूबाजूला पट्ट्यापट्ट्यांचे मासे. आपल्याच श्वासाचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. सर्दी असेल तर मात्र त्या दिवशी उतरू नका, कान साथ देत नाहीत. पाणी नितळ हवं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा.

कोल्हापूर
चिवला बीचवर डिसेंबरमध्ये सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे पोहलोय. तलावात तळाची रेघ दिसते, इथे लाटेवर आलात की मान वर करून दिशा बघावी लागते. शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे उतरतात. राज्यातल्या प्रत्येक पोहणाऱ्याने एकदा तरी यावं.

डोंबिवली
देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यात जमिनीची चिंचोळी पट्टी उरते. आम्ही नदीच्या बाजूने कयाक घेतली. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा वल्हवणं सोपं जातं. परतीला धामापूरला थांबलो. सन 1530 मधला तलाव आणि काठाला भगवतीचं देऊळ. कयाकपेक्षा तोच जास्त आवडला, खरं सांगायचं तर.

मालवण
इथलाच आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर लांबून फोटो काढत उभे राहू नका, विचारून दोराला हात लावा. बहुतेक वेळा कोणी नाही म्हणत नाही. जाळं किनाऱ्याला लागताना बांगडे, तारली उसळतात ते जवळून बघायला मिळतं.

दुसरी, होडीवाल्याचं ऐका. "आज वारो हा, फुडे जावचा नाय," असं तो म्हणाला की जास्त पैसे देऊन आग्रह करू नका. मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत किल्ल्याची होडी आणि जलक्रीडा बंद असतात, त्यामागेही कारण हेच. दर्या त्याला कळतो.

नाशिक
रॉक गार्डनसाठी ओहोटीची वेळ आधी कशी काढायची? मुलांची शाळा सांभाळून तारीख ठरवायची आहे.

मालवण
सोपं आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. त्याच्या आधी आणि नंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे तुमची ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. द्वितीयेला दीडला, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास खडक उघडे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात जास्त मागे जातं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, कमी. तेव्हा मुलांना घेऊन द्वितीयेचा शनिवार-रविवार बघा आणि सातलाच खडकांवर पोचा. पाणी वळलं की मात्र लगेच वर या, मागचे खळगे आधी भरतात.