मुंबईच्या गल्ली रॅपचा जोर का ओसरला? आपापले अनुभव लिहा

साकीनाकावाला: परवा रिक्षात 'मेरे गली में' हे गाणे लागले आणि 2015 साल आठवले. अंधेरीच्या जे. बी. नगरातला डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी या रॅपरांच्या ओळी तेव्हा आमच्या चाळीतल्या मुलांना तोंडपाठ होत्या. आज त्याच वयाची मुले दिल्लीच्या 'सीधे मौत' या रॅपर जोडीचे, नाहीतर पुण्याच्या एमसी स्टॅनचे बोल घोळवतात. मुंबईचा दबदबा कशामुळे कमी झाला, हे जवळून पाहिलेल्यांनी लिहावे.

कुर्ल्याची मावशी: नेझीने 2014 मध्ये 'आफत' हे गाणे आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले आणि चित्रीकरणही त्यावरच केले. ते पाहून माझा भाचा लिहू लागला. आता मात्र स्टुडिओ, मिक्सिंग आणि व्हिडिओ यांच्या खर्चाशिवाय कोणी ऐकतच नाही, असे तो म्हणतो. कुरिअरच्या नोकरीत ते परवडत नाही, म्हणून त्याने गाणी करणे थांबवले आहे. डाळ शिजते आहे, बाकीचे नंतर लिहिते.

धारावीकर: आमच्याकडे सायफर, म्हणजे गोलात उभे राहून आळीपाळीने रॅप करण्याची मैफल, रंगायचा तेव्हा एक जण तोंडाने बीट धरायचा, बाकीचे गोल करून उभे राहायचे आणि ज्याची ओळ अडली त्याला शेजारचा सावरून घ्यायचा. 2019 च्या फेब्रुवारीत 'गली बॉय' आला आणि कार्यक्रमांची बोलावणी वाढली, हे मी मान्य करतो. पण बोलावणाऱ्यांना चित्रपटातलेच गाणे हवे असायचे. आमच्या मुलांनी पाणी आणि संडासाच्या रांगेवर लिहिलेले ऐकायला कोणाला वेळ नव्हता, आणि हळूहळू मुलांनीही तसे लिहिणे सोडले.

आरेप्रेमी: धारावीकरदादा, अगदी खरे आहे. 'स्वदेशी' या गटाने आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले, तेव्हा आरेतल्या आदिवासींचे म्हणणे रॅपमधून शहरापर्यंत पोहोचले होते. त्याच गटातला, गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड 2022 मध्ये अवघ्या 24 व्या वर्षी गेला, याचे दुःख अजून ओसरलेले नाही. ऐकणारे आजही आहेत, परंतु गल्लीच्या प्रश्नावर गाणे करून ते लोकांपर्यंत नेणारे गट फार थोडे उरले आहेत.

ठाणेकर बाबा: मावशी, तुमच्या भाच्याच्या ओळी इथे पाठवता येतील का? माझा मुलगा घरीच बीट बनवतो आणि तो पैसे घेणार नाही.

कुर्ल्याची मावशी: बाबा, तो रात्री कामावरून आला की विचारते आणि कळवते.