पोटातला पायलोरी: काय खाल्लंत आणि काय झालं?

धागाकर्ती
दोन वर्षं मी पित्त समजून ओवा-सैंधव चघळत होते. गेल्या आठवड्यात एंडोस्कोपी झाली आणि अहवालात एच. पायलोरी हा जठरातला जंतू निघाला. १४ दिवसांचा कोर्स लागलाय: दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ. घरात कळल्यापासून सगळेच वैद्य झालेत. सासूबाईंचा ज्येष्ठमध, जाऊबाईंचा उपाशीपोटी लसूण, भाच्याचे ब्रोकोलीचे मोड. तुम्ही स्वतः काय खाल्लंत आणि नंतर तपासणी केलीत का, तेवढंच लिहा. 'ऐकलंय' नको.

नाशिककर
लसणाचा बळी मी. ठेचलेल्या चार पाकळ्या, अनशापोटी, २१ दिवस. बायकोने अंथरूण हॉलमध्ये हलवलं. तिसऱ्या दिवसापासून छातीत अशी जळजळ की कोमट पाणीसुद्धा झोंबायचं. शेवटी स्टूल अँटिजेन (शौचाच्या नमुन्यातून जंतू शोधणारी तपासणी) केली, पॉझिटिव्ह. प्रयोगशाळेतल्या बशीत लसूण हा जंतू मारतो, हे वाचून भुललो होतो. खऱ्या पोटात जंतू चिकट अस्तराखाली दडून बसतो, आणि युरियापासून अमोनिया करून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू मुद्दाम पिऊन स्वतःला जठरदाह करून घेतला. पुढे २००५ चं नोबेल त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना मिळालं. पण बरं व्हायला त्यांनीही अँटिबायोटिकच घेतलं, लसूण नाही.

मालवणी
आमसुलाने जंतू जातो असं मी म्हणणार नाही. पण माझ्या कोर्समध्ये मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक होतं. दिवसभर तोंडात तांब्याचं नाणं धरल्यासारखी चव, चहासुद्धा कडू. तेव्हा आटवल भात आणि बिनमिरचीचं आमसुलाचं सार एवढंच घशाखाली उतरायचं. काहींना आंबट सोसत नाही, मला सोसलं. टेट्रासायक्लिन ही दुसरी अँटिबायोटिकही होती, त्यामुळे दूध-दही गोळीपासून दोन तास लांब. चौथ्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि मी हादरलोच. डॉक्टर म्हणाले, कोर्समधल्या बिस्मथ या औषधाचा रंग. तुमच्या कोर्समध्ये बिस्मथ नसेल आणि असं झालं, तर मात्र थांबू नका, ते रक्त असू शकतं.

तोक्योवासी
इथे याला 'पिरोरी-किन' म्हणतात. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत निघाला. दुकानात पायलोरीचं नाव घेऊन विकलं जाणारं दही मिळतं. ते तीन महिने रोज खाल्लं. पोट हलकं वाटलं, पण श्वासाची तपासणी पॉझिटिव्हच. मग गोळ्या घेतल्या (इथे कोर्स ७ दिवसांचा), दही चालू ठेवलं. जुलाब झाले नाहीत, त्याचं श्रेय मी दह्याला देतो.

मधवाला
माझा मात्र मध-हळदीने गेला! दीड महिना रोज दोन चमचे. तपासणी निगेटिव्ह. गोळ्यांच्या कंपन्यांना हे आवडणार नाही.

नाशिककर
तपासणीच्या वेळी पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) चालू होती?

मधवाला
हो, रोज सकाळी. का?

नाशिककर
ती चालू असली की जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. डॉक्टरांना विचारून दोन आठवडे बंद ठेवा, मग परत करा.

सोलापूरहून
ज्येष्ठमध जपून. आईने काढा दोन महिने घेतला, भरपूर. पाय सुजले, रक्तदाब वर, पोटॅशियम खाली. डॉक्टरांनी स्वयंपाकघरात काय काय चालू आहे विचारलं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

मधवाला
परत केली. पॉझिटिव्ह. सोमवारपासून गोळ्या. मध चालू आहे, पण चपातीबरोबर.

धागाकर्ती
सोलापूरकरांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. ज्येष्ठमधाची बरणी आता वरच्या फळीवर आहे, फेकलेली नाही. ब्रोकोलीचे मोड कोशिंबिरीत घातले, चव मुळ्याच्या जवळची. जंतू थोडे कमी होतात, जात नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. कोर्स जरा उशिरा सुरू झाला, आज नववा दिवस. ताक-भात, मुगाचं कढण आणि फ्रिजला चुंबकाने लावलेला तक्ता, त्यावर रोजचे दोन असे अजून दहा चौकोन रिकामे. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी श्वासाची तपासणी आहे. जे येईल ते इथेच लिहीन.