शब्दचर्चा : ‘अनियमित नोंदी’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

प्रश्न : नागपुरात कळमना भागातल्या संत्र्यांच्या एका शीतगृहासाठी तापमान-नोंदीच्या यंत्रणेची मराठी पुस्तिका लिहितो आहे. खोल्यांमधले सेन्सर दर मिनिटाला तापमान पाठवतात, ते वेळेसकट डेटाबेसमध्ये साठतं. प्रत्यक्षात दोन नोंदींमध्ये कधी ५८ सेकंद जातात, कधी ७१. वीज गेली की अर्धा तास काहीच येत नाही. या सगळ्याला मी ‘अनियमित नोंदी’ म्हटलं. ऑपरेटरांनी वाचून ‘सेन्सर बिघडला’ असा अर्थ घेतला. (इंग्रजी ‘सॅम्पल’साठी ‘नमुना’ आधीच बाद केला, शीतगृहात नमुना म्हणजे तपासायला काढलेलं फळ.) दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : एका शब्दात हे मावणार नाही, कारण डेटाबेसही या सगळ्याला एकच वागणूक देत नाही.

५८ आणि ७१ सेकंदांच्या नोंदी फक्त ‘आगेमागे’ झालेल्या आहेत. आरआरडीटूल हे वेळेनुसार मोजमापं साठवणारं सॉफ्टवेअर अशा नोंदी घेऊन त्यांचं मोजमाप ठरलेल्या कालखणांत, म्हणजे वेळेच्या सारख्या तुकड्यांत, बसवतं. एखादी नोंद दोन खणांवर पसरली तर तिचा वाटा वेळेच्या प्रमाणात दोन्हीकडे जातो. त्यात एक मुदतही ठरवावी लागते. तेवढ्या वेळात नवी नोंद आली नाही, तर मधला काळ ‘अज्ञात’ धरला जातो. त्या अज्ञाताला मराठीत तयार शब्द आहे : खाडा. दूधवाला आला नाही त्या दिवशी कॅलेंडरवर आपण खाडा मांडतो, ‘शून्य लिटर’ लिहीत नाही. तापमानात तर हा फरक फारच मोलाचा आहे. संत्री सहा-सात अंशांत ठेवलेली असताना मधेच शून्य दिसलं, तर फळं गारठली असं वाटून कोणीतरी कॉम्प्रेसर बंद करेल.

प्रश्नकर्ता : खाडा आवडला. इथे पुष्कळ जण ‘नागा’ म्हणतात, पण नागा माणसाचा होतो. यंत्राच्या नोंदीला खाडाच बरा वाटतो. एक अडचण मात्र आहे. काही खोल्यांतले सेन्सर तापमान बदललं तरच नोंद पाठवतात. तिथे तासभर शांतता म्हणजे खाडा नव्हे ना?

उत्तर : मुळीच नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. समजा, १० वाजता ६ अंशांची नोंद आली, मग ५० मिनिटं काही नाही. १०:५० ला दार उघडलं आणि दर दोन मिनिटांनी ८, ९, १०, ९, ८ अशा नोंदी आल्या. या सहा आकड्यांची साधी सरासरी ८.३ येते. पण खोली तासातली ५० मिनिटं ६ अंशांवरच होती. प्रत्येक आकड्याला तो जितका वेळ टिकला तितकं वजन दिलं, तर सरासरी ६.५ च्या आसपास येते आणि खरी तीच. गणिताच्या पुस्तकांतला ‘भारित सरासरी’ हा शब्द घेऊन तिला ‘कालभारित सरासरी’ म्हणा. या नोंदींना माझ्या मते ‘बदलनोंद’ म्हणावं. तिथे शांततेचा अर्थ ‘आधीचाच आकडा चालू आहे’ असा होतो. खाड्यात शांततेचा अर्थ ‘माहीत नाही’. सेन्सर जिवंत आहे हे कळायला त्याने अधूनमधून ‘हजर’ एवढं तरी कळवायला हवं, नाहीतर या दोन्ही शांतता एकसारख्याच दिसतात.

आणखी एक उत्तर : यात ‘शिळी नोंद’ जोडा, म्हणजे आत्ताची म्हणून धरता येणार नाही इतकी जुनी. प्रोमिथियस या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरला आत्ताचं मूल्य विचारलं, तर तो मागे वळून शेवटची नोंद शोधतो, पण मुळात ठरलेली मर्यादा पाच मिनिटांची असते. त्यापेक्षा जुनी नोंद तो देत नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी नोंदी घेतल्या तर सगळं नीट चालू असूनही आलेखात रेघ तुटते. २०१७च्या २.० आवृत्तीपासून मोजमापाचा स्रोत नाहीसा झाला की तो शिळेपणाची खूण स्वतःच मांडतो. शिवाय ग्राफाइट या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच खणात दोन नोंदी आल्या तर नंतरची नोंद आधीच्या नोंदीला पुसून टाकते, तेव्हा सेन्सरचा वेग आणि खणाची रुंदी जुळवूनच घ्या.

प्रश्नकर्ता : वीज आल्यावर साठवलेल्या नोंदी एकदम येतात, त्यांचं काय?

उत्तर : त्या ‘उशिरा पोहोचलेल्या’. मोजल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने ठेवा. डेटाबेस मागच्या वेळेच्या नोंदी घेत असेल (आरआरडीटूल घेत नाही), तर पहिल्या वेळेने त्या जागेवर बसल्या की तिथला खाडा भरून निघतो. जे आलंच नाही ते दोन्ही बाजूंच्या आकड्यांवरून काढण्याला गणितात ‘अंतर्वेशन’ म्हणतात. ऑपरेटरांसाठी ‘अंदाजाने भरणे’ पुरेसं आहे, आणि तसं भरलेलं पुस्तिकेत तुटक रेघेनेच दाखवा.