निम्मे पैसे कार्बन चाकांत घालायचा सल्ला मला अजिबात पटलेला नाही

आडवाट:
परवा 'नवी फ्रेम'ने विचारलं होतं. स्टीलची फ्रेम आणलीय, डिस्क ब्रेक, 32 मिमीपर्यंत टायर बसतो, बाकी सगळ्याला 1 लाख 20 हजार आहेत, हिवाळ्यात 300 आणि 400 किलोमीटरची बीआरएम (ठरल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायचीय, तर चाकं कुठली घेऊ? त्यावर 'वेगवेडा'ने लिहिलं, "निम्मे पैसे 50 मिमी खोल रिमच्या कार्बन चाकांत घाल, उरलेल्यात बाकीचं भागव. 32 तारांची अलॉय चाकं दूधवाल्याच्या सायकलला ठीक आहेत." खाली लोकांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आधी दूधवाल्याचं. त्याच्या सायकलला पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवून ती खड्ड्यांतून वर्षानुवर्षं चालते. त्यात हिणवण्यासारखं काय आहे?

आता हिशेब. स्वार, सायकल, पाणी मिळून 84 किलो धरा. महागड्या चाकांनी 400 ग्रॅम वाचले, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. वाईहून पाचगणीला पसरणी घाट 50 मिनिटांत चढणाऱ्याचे त्यात फार तर 15 सेकंद वाचतात. अर्धा लिटर पाण्याची बाटली याहून जड असते! आणि 400 किलोमीटरला 27 तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 ची सरासरीसुद्धा लागत नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर साताऱ्याहून ठोसेघरवरून चाळकेवाडीला जाऊन या. त्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्या वारा आहे म्हणूनच. मित्राची 50 मिमीची चाकं घेऊन गेलो होतो. पुढचं चाक बाजूच्या झोताने असं ओढलं जायचं की उतारावर 25 च्या वर जायची छाती झाली नाही.

आणि खरं कारण वेगळंच आहे. पूर्वी माझ्याकडे पुढे 20 आणि मागे 24 तारांची तयार चाकं होती. एका 400 ला रात्री दीडच्या सुमारास कराडच्या अलीकडे मागची एक तार तुटली. 24 मधली एक गेली की चाकाला एवढा आउट (वाकडेपणा) येतो की टायर फ्रेमला घासायला लागतो. तार चपटी, सरळ मुंडीची, त्या कंपनीशिवाय कोणाकडे न मिळणारी. सकाळी मिस्त्रीचं दुकान उघडलं. त्या माणसाने तारांचा अख्खा डबा माझ्यापुढे ओतला, एकही बसली नाही. तिथून बसने घरी आलो. 32 तारांचं चाक असतं तर शेजारच्या दोन तारा थोड्या सैल करून कोल्हापूरपर्यंत गेलो असतो.

म्हणून माझं मत: वाकड्या मुंडीच्या, मध्ये बारीक होणाऱ्या तारा, पुढे-मागे 32, साधा मजबूत हब (चाकाचा मधला भाग), अलॉय रिम, आणि हाताने विणून घेतलेलं चाक. उरलेले पैसे टायर, गिअर आणि सॅडलवर.

वेगवेडा:
माझं नाव घेऊन एवढा निबंध लिहिलास, तर उत्तर घे. तू फक्त वजन मोजलंस. मी वजनाबद्दल बोललोच नव्हतो, हवेच्या अडथळ्याबद्दल बोललो होतो. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर बहुतेक वेळ सपाटी आणि लांब उतार आहेत. हळू जाणाऱ्याचा जास्त वेळ वाऱ्यात जातो, त्यामुळे त्याचीही मिनिटं वाचतात.

आणि तुझी तार तुटली याला चाकाची जात जबाबदार नाही. ताण नीट नव्हता. सैल तार प्रत्येक फेऱ्याला ढिली-घट्ट होते आणि मुंडीशी तुटते. 32 तारांचं चाक वाईट विणलं तर तेही तुटेल.

अजून एक. मागच्या चाकात कॅसेटच्या (गिअरच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूची तार बदलायला आधी कॅसेट काढावी लागते. रात्री दीडला ते टूल तुझ्या खिशात होतं का?

आडवाट:
नव्हतं. हा मुद्दा बरोबर आहे, मान्य करतो. आता फायबरची तात्पुरती तार बाळगतो, ती कॅसेट न काढता ओवता येते. पण हवेचं पटलेलं नाही. हवा सर्वात जास्त अडते ती आपल्या अंगाला. हँडलला बॅग, अंगात फडफडणारं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, आणि रिम 50 मिमीची?

साताऱ्याची पोर:
चाळकेवाडीबद्दल आडवाटदादांना शंभर टक्के दुजोरा. माझं वजन 51 किलो आहे. हलक्या माणसाला खोल रिम जास्त छळते, हे सल्ला देणाऱ्या 80 किलोच्या पुरुषांच्या कधी लक्षातच येत नाही. 'नवी फ्रेम', तुमचं वजन किती ते आधी सांगा.

आणि चाकांवर एवढं रण पेटलंय, ट्यूबलेसबद्दल कोणीच बोलत नाही. फरक तिथे पडतो. इंदापूर-बारामतीकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे असतात. ट्यूब असताना एकाच राइडमध्ये मला चार पंक्चर झाली. ट्यूबलेस केल्यावर पूर्ण सीझनमध्ये एक.

जुना पाना:
ताई, ते एक पंक्चर कसं काढलंत तेही लिहा. माझा ट्यूबलेस टायर ताम्हिणीत बाजूने फाटला. सीलंटने (भोक बुजवणाऱ्या द्रवाने) काही होईना, टायर रिमवर इतका घट्ट की तो काढायचे दोन्ही लिव्हर मोडले. पाऊस, अंधार, हाताला सीलंटचा चिकट लगदा. शेवटी टेम्पोवाल्याने घरी आणलं. ट्यूब असती तर आतून टायरचा तुकडा लावून दहा मिनिटांत निघालो असतो. शिवाय आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. बघितल्याशिवाय निघालात की ट्यूबलेस फक्त नावाला.

साताऱ्याची पोर:
काका, आतून तुकडा लावून ट्यूब घालणं ट्यूबलेसमध्येही चालतंच की. टायर घट्ट होता तर बीड (टायरची कड) रिमच्या मधल्या खोलगटात ढकलायचा, मग लिव्हर मोडत नाहीत. तुम्ही तंत्र शिकला नाहीत आणि दोष वस्तूला देताय.

जुना पाना:
1994 पासून स्वतःची सायकल स्वतः उघडतोय. मला तंत्र शिकवू नका.

साताऱ्याची पोर:
1994 मध्ये रोड सायकलला ट्यूबलेस नव्हतंच. तेव्हाचा अनुभव इथे कसा चालेल?

96 किलो:
दोघेही थांबा, जीव जाईल अशी गोष्ट कोणी बोलतच नाहीये. आजच्या बऱ्याच कार्बन रिम हुकलेस असतात, म्हणजे टायर धरून ठेवणारी आतली कड नाही. त्यांत हवेची कमाल मर्यादा 5 बार, 72-73 पीएसआय. फेब्रुवारी 2024 मध्ये यूएई टूर शर्यतीत बेल्जियमच्या थॉमस डी गेंटचा टायर हुकलेस रिमवरून सुटला. 25 मिमी आतल्या रुंदीच्या रिमवर 28 चा टायर होता, चाक दगडावर आपटलं आणि माणूस पडला. माझ्यासारख्या वजनाचा माणूस 28 च्या टायरमध्ये सवयीने 85 पीएसआय भरतो. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोराला 5 बारची मर्यादा कोण सांगणार? वेगवेडा, तू सल्ला दिलास तेव्हा ती रिम हुकवाली की हुकलेस हे लिहिलं होतंस?

वेगवेडा:
नव्हतं लिहिलं. लिहायला हवं होतं. पण 28 चा टायर घ्यायला मी सांगितलं नव्हतं. 32 मध्ये 96 किलोलाही 85 लागत नाही.

96 किलो:
मग ते तरी लिहायचं. नवा माणूस तुझ्या एका ओळीवर 60 हजार घालणार होता.

मागचा गिअर:
तुम्ही सगळे रबरात अडकलात. उरलेल्या पैशात कॅसेट कुठली येते ते बघा ना. गुडघा कायमचा दुखावून बसलेला माणूस म्हणून सांगतो. पहिल्या सायकलला सर्वात हलका गिअर पुढे 34 आणि मागे 28 दातांचा घेतला, कारण ग्रुपमधले म्हणाले की मोठी कॅसेट म्हाताऱ्यांची. मिनिटाला पेडलचे 60 फेरे मारले तर 34-28 वर ताशी साडेनऊच्या आसपास वेग राखावा लागतो. 34-34 वर तोच आकडा पावणेआठ. 300 किलोमीटरनंतर रात्री घाट समोर आला की हा पावणेदोनचा फरक म्हणजे बसून चढणं की उतरून ढकलणं. मी ढकलली नाही, उभं राहून रेटली, आणि आठ महिने फिजिओथेरपी केली. पुढे 50-34 आणि मागे 11-34 दातांचं घे. कोण काय म्हणतं ते ऐकू नकोस.

वेगवेडा:
यावर वाद नाही. मीसुद्धा 11-34 वापरतो.

आडवाट:
हे आधी सांगितलं असतंस तर अर्धा धागा वाचला असता.

वेगवेडा:
आणि तू 32 तारांच्या चाकाला कोणी विणायचं ते सांगितलं असतंस तर उरलेला अर्धा. गल्लीतला मिस्त्री आउट उत्तम काढतो, पण दोन बाजूंचा ताण मोजून विणणारे मोजकेच. माझ्या ओळखीच्याने विणलेलं चाक 200 किलोमीटरमध्ये सैल झालं, कारण विणताना तारा जोडीजोडीने दाबून बसवल्याच नव्हत्या. म्हणून मी लोकांना तयार चाक घ्या म्हणतो. हे माझं खरं कारण आहे, दूधवाल्याचं वाक्य रागात लिहिलं गेलं. ते मागे घेतो. कार्बनचं नाही.

नवी फ्रेम:
सगळं दोनदा वाचलं. वजन 68 किलो. ठरवलंय असं: 32 तारांची अलॉय चाकं, हुकवाली रिम, 30 चा टायर, सध्या ट्यूब घालून, 50-34 आणि 11-34. साताऱ्याच्या ताई, रिम ट्यूबलेस चालणारीच घेतोय, पुढे बघू. विणायला एक जण मिळालेत, ताणमापक आहे त्यांच्याकडे. तारांची लांबी मलाच काढून आणायला सांगितलीय. रिमच्या खोक्यावर ईआरडी (तारांची टोकं जिथे येतात तिथला रिमचा व्यास) छापलाय, तो धरून काढू ना?

जुना पाना:
छापलेल्यावर जाऊ नकोस. दोन जुन्या तारा मोजून काप, निपल (तारेच्या टोकाचा नट) लाव, समोरासमोरच्या भोकांत घालून आतून ओढ आणि मधलं अंतर मोज. एका जागी नाही, तीन-चार जागी. आकडे इथे टाक, मी तपासतो.

साताऱ्याची पोर:
काकांचं बरोबर आहे. हबच्या दोन्ही फ्लँजची (तारा अडकवायच्या कडांची) मापंही टाका, मागच्या चाकात दोन बाजूंच्या तारा वेगळ्या लांबीच्या येतील.